मोडीत काय येतं?

संसारातल्या वस्तू नश्वर आहेत हे कळण्यासाठी माणसं काशीला जातात, हिमालयात जातात, तेवढी रजा नसेल तर 10 दिवस तोंड मिटून बसायला इगतपुरीला जातात. विट्याकडची माणसं हेच ज्ञान मिळवायला कोईमतूरला जातात आणि येताना चार पैसेही घेऊन येतात. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि शेजारचे साताऱ्याचे खटाव-माण या तालुक्यांशी पावसाचं पहिल्यापासून फारसं जमलेलं नाही. शेतात काही हाती लागेना म्हणून इथली पोरं जुनं सोनं-चांदी गाळायचा धंदा शिकून बाहेर पडली, आणि आज देशात जिथं जिथं सराफकट्टा आहे तिथं मागच्या बोळात गलाईचं एखादं दुकान सापडतं आणि त्या दुकानातून मराठी ऐकू येतं. ‘गाव कुठलं पाव्हणं?’ म्हणून विचारलं तर उत्तर विटा, नाहीतर विट्याला बाजार करणारं एखादं गाव. अंगावर सोनं मिरवणारे लोक देशभर पसरलेले आहेत. ते सोनं वितळताना रोज बघणारे मात्र बरेचसे या पाच-सहा तालुक्यांतले. साधं का राहावं, या विषयावर बोलायचा अधिकार कुणाला असेलच तर तो यांना आहे. त्यांनी तो अजून बजावलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

गलाईच्या दुकानात बघण्यासारखं फार काही नसतं. एक भट्टी, चार मुशी, सांडशी, टाकणखाराचा डबा, नायट्रिक ॲसिडची बरणी, धूर बाहेर ओढणारा पंखा आणि काचेच्या पेटीत ठेवलेला तराजू. वाऱ्याचं वजन सोन्यात धरलं जाऊ नये म्हणून ती पेटी. समोर पुडी सुटते. त्यात कुणाच्या तरी लग्नातली ठुशी असते, जोडीदार हरवलेला एक झुबा असतो, सासूनं हौसेनं केलेल्या आणि सुनेनं ‘जुनाट’ म्हणून कधीच न घातलेल्या पाटल्या असतात. खडे उचकटून बाजूला पडतात. पोकळ मण्यांतली लाख जळून जाते आणि ती जळताना वजनाविषयीचे बरेच गैरसमजही जातात. उरलेलं मुशीत गेलं की थोड्याच वेळात पाटली कुठली आणि ठुशी कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. चोख सोनं हवं असेल तर त्यात चांदी मिसळून ते ॲसिडात सोडतात. चांदी-तांबं विरघळून जातं आणि तळाला तपकिरी भुकटी उरते. ती वाटेत सांडलेली दिसली तर आपण चपलेनं बाजूला सारू. हेच ते शुद्ध सोनं. पुन्हा वितळवलं की ते चमकतं आणि त्याची लगड होते. त्या लगडीत कोल्हापुरी साजाची कारागिरी नसते, दुकानाचं नाव नसतं, जाहिरातीतल्या नटीचं हसू नसतं आणि ‘अगं बाई, केवढ्याला घेतलंस?’ असं विचारणाऱ्या जाऊबाईचा चेहराही नसतो. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा फुकट जात नाही, झारेकरी तो विकत घेतो, कारण केर धुतला की त्यातून सोन्याचे कण निघतात. नक्षी धुऊन आजवर कुणाला काही मिळालेलं नाही.

आता हिशेब. 22 कॅरेटच्या 10 ग्रॅम दागिन्यात चोख सोनं 9.16 ग्रॅम. सोन्याच्या किमतीवर घडणावळ समजा 12 टक्के लावली, काम बारीक असेल तर ती याहून वर जाते, आणि एकूण रकमेवर 3 टक्के जीएसटी. म्हणजे 100 रुपयांच्या सोन्याला आपण 115 रुपये मोजून बाहेर पडतो, आणि पायऱ्या उतरून समोरच्या दुकानात तोच दागिना मोडीत घातला तर वरच्या 15 रुपयांना कुणी ओळखही दाखवत नाही. शिवाय घट वेगळी. यावर हुशार माणसं सांगतात की सोन्याचा भाव चढतोच, त्यात घडणावळ भरून निघते. भाव चढतो हे खरंच आहे. 2025 मध्ये 10 ग्रॅमनं लाखाचा आकडा ओलांडला. पण तो सोन्याचा चढला. लगड घेऊन कपाटात ठेवली असती तर तिचाही तितकाच चढला असता. नक्षीचा भाव चढलेला सराफाच्या कुठल्याही फळ्यावर अजून लिहून आलेला नाही. आणि या बाबतीत सराफ आपल्यापेक्षा प्रामाणिक असतात. सणासुदीच्या जाहिराती नीट वाचाव्यात: सूट असते ती घडणावळीवर. सोन्यावर सूट दिल्याचं कुणी ऐकलं आहे का? यातला कुठला भाग सोडून देता येण्यासारखा आहे हे दुकानदारानं मोठ्या अक्षरात छापून सांगितलेलं असतं, आपणच त्याखालचा पत्ता तेवढा वाचतो.

हा हिशेब सोन्यापुरता ठेवला तर सोन्यावर अन्याय होईल, कारण मोडीच्या बाबतीत सोन्याइतकी सज्जन वस्तू दुसरी नाही. 115 तले 100 परत देणारं घरात दुसरं काय आहे? शोरूमच्या दारातून बाहेर पडलेली गाडी वळण घेईपर्यंत जुनी होते. सोफ्याला तर मोड अशी नसतेच. जुना सोफा घेऊन जाणाऱ्यालाच आपल्याला टेम्पोचं भाडं द्यावं लागतं. मोबाइल हप्ते संपायच्या आत म्हातारा होतो, आणि मग तो ‘एक्स्चेंज’मध्ये देताना दुकानदार त्याची किंमत अशा आवाजात सांगतो की आपण त्याचे उपकार मानून घरी येतो. शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यांची गंमत तर अशी की व्याज शून्य असलं तरी हप्ता शून्य नसतो, हे तिसऱ्या महिन्यात लक्षात येतं. थोडक्यात, बाजारातल्या बहुतेक वस्तूंत चोख कमी आणि घडणावळ फार. साधं राहणं म्हणजे वस्तू टाकून देणं, असा एक समज आहे. माझ्या मते साधं राहणं म्हणजे घडणावळ द्यायला नकार देणं, इतकंच. सोनं घ्या, गाडी घ्या, घर बांधा. फक्त मुशीत टाकल्यावर काय उरेल हे आधी विचारून घ्या.

या कसोटीवर पहिला आक्षेप स्वयंपाकघरातून येईल आणि तो बिनतोड आहे. पुरणपोळी मोडीत घातली तर काय येतं? काही नाही. मग करायची नाही का? नाटकाचं तिकीट, जोतिबाच्या यात्रेतला पाळणा, पोराच्या शाळेची फी, आजारपणातलं औषध, यांतल्या कशालाच मोड नाही, आणि जगण्यातला बराच आनंद याच बिनमोडीच्या गोष्टींत असतो. तेव्हा कसोटीला पुरवणी जोडली पाहिजे: ज्याची मोड येत नाही त्याचा निदान उपभोग तरी झाला पाहिजे. पुरणपोळी खाल्ली, जीव तृप्त झाला, खातं मिटलं. अडचण तिसऱ्या प्रकारच्या वस्तूंची आहे, ज्यांची मोडही येत नाही आणि वापरही होत नाही. त्या वस्तू आपण घेतो, पैसे आपण भरतो आणि त्यांचा उपभोग शेजारी घेतो, तोही जळून.

हा तिसरा प्रकार बघायला लांब जावं लागत नाही. गुहागर-विजापूर रस्त्यानं विटा सोडलं आणि कुठल्याही फाट्याला आत वळलं की जोंधळ्याच्या रानात एकदम दुमजली बंगला उभा राहतो. सोनेरी कठडे, कमानीवर नाव, गेटला दोन सिंह. मालक दुसऱ्या राज्यात. तो यात्रेला, भावकीतल्या लग्नाला आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला येतो. एरवी बंगल्याला कुलूप. आत सोफा आहे, त्यावरचा प्लॅस्टिकचा कागद अजून तसाच आहे, कारण कागद काढला तर सोफा खराब होईल. मॉड्युलर किचन आहे, पण ‘आत फोडणीचा वास बसतो’ म्हणून म्हातारी मागच्या पडवीत शेगडी मांडून भाकरी थापते. बाथरूम चार आहेत आणि पाणी एका बाथरूमपुरतं. दिदरो या फ्रेंच लेखकानं 1769 मध्ये एक निबंध लिहिला: त्याला नवा भारी झगा मिळाला, त्या झग्यापुढे जुनी खुर्ची लाजू लागली, खुर्ची बदलली तर टेबल लाजू लागलं, असं करत सगळी खोली बदलून तो कंगाल झाला आणि जुन्या झग्यासाठी रडत बसला. आपल्याकडे या प्रकाराला सुरुवात फरशीनं होते. घरात गुळगुळीत फरशी आली की तिच्यावर पाट शोभत नाही. डायनिंग टेबल येतं. टेबलावर पितळी ताट शोभत नाही. आणि शेवटी त्या टेबलावर इस्त्रीचे कपडे ठेवून सगळं कुटुंब पूर्वीसारखं खाली बसून जेवतं, पण आता फरशी गार लागते म्हणून सतरंजी घेऊन.

पण या बंगल्याला नुसतं हसून पुढे गेलं तर तो अप्रामाणिकपणा होईल. त्यातला माणूस पोरवयात घराबाहेर पडलेला असतो. परक्या मुलखात, परक्या भाषेत, भट्टीच्या धगीत आणि ॲसिडच्या वाफेत त्यानं वर्षं काढलेली असतात. रात्री झोपायचं ते दुकानातच, तराजूशेजारी. मागं गावात त्याच्या बापाला उधारीसाठी दुकानाच्या पायरीवर ताटकळत ठेवलेलं असतं. तो बंगला म्हणजे त्या पायरीला दिलेलं दुमजली उत्तर आहे. इथं घडणावळीतून काहीतरी मिळालेलं आहे: मान मिळालेला आहे, आणि मान ही काही फुसकी वस्तू नव्हे. ज्यांनी तीन पिढ्या सुखानं खाल्लं त्यांनी दुष्काळातून वर आलेल्याला साधेपणा शिकवायला जाऊ नये, हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेल्या माणसाला ‘कमी वस्तूंत समाधान असतं’ असं पुण्याच्या वातानुकूलित सभागृहातून सांगणं याला विनोद म्हणायचं की उर्मटपणा, एवढाच प्रश्न उरतो. त्याच्याकडे कमी वस्तू होत्या. समाधान कुठं ठेवलं होतं ते त्याला अजून सापडलेलं नाही.

तरीही त्या बंगल्याच्या बाबतीत एक अडचण राहतेच. मानाला मुदत असते. पुढच्या वर्षी शेजारच्या वस्तीवर तिमजली बंगला होतो, त्याच्या गेटला सिंहांऐवजी हत्ती येतात, आणि दुमजलीवाल्याचा मान रातोरात एका मजल्यानं कमी होतो. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं 1899 मध्ये दिखाऊ खर्चावर आख्खा ग्रंथ लिहिला, तो श्रीमंतांच्या मेजवान्या बघून. त्याला आपल्याकडच्या हळदीचा डीजे ऐकायला मिळाला असता तर ग्रंथाचे दोन खंड झाले असते. त्यानं सांगितलेली गोष्ट आपल्याला आधीपासून ठाऊक होती: वरचा जसा खर्च करतो तसा खालचा करू बघतो. वाईट याचं वाटतं की वरच्याला तो खर्च परवडतो. गलाईतल्या शेठनं मुलीच्या लग्नात प्री-वेडिंग शूट, ड्रोन, घोडे, सतरा पदार्थ असं सगळं केलं, त्याला त्याचं काही वाटलं नाही. पण त्या दिवसापासून गावातल्या लग्नाची किमान पातळी तिथं गेली. मग दीड एकरवाला, यंत्रमागावर पाळ्या करणारा कामगार, पोल्ट्रीवर राबणारा गडी, यांना आपल्या मुलीच्या लग्नात निदान सात पदार्थ आणि एक घोडा आणावाच लागतो, आणि तो घोडा पतसंस्थेच्या कर्जातून येतो. श्रीमंताची हौस ही गरिबाची सक्ती होते. म्हणून आक्षेपकाचं म्हणणं अर्धं मान्य करून मी पुढचं अर्धं असं म्हणेन: साधेपणाचा उपदेश गरिबाला करूच नये, तो श्रीमंतालाच करावा. कारण साधेपणाला ऐपत लागते. कोट्यधीश जुन्या सायकलवरून फिरला तर ‘किती साधा माणूस!’ आणि मजूर सायकलवरून फिरला तर ‘बिचारा’. सायकल तीच असली तरी तिला साधेपणा म्हणायचं की दारिद्र्य, हे बसणाऱ्याच्या सातबाऱ्यावर ठरतं.

मग हे श्रीमंतांकडून करून कसं घ्यायचं? सरकारनं एकदा हुकमानं करून बघितलं. जानेवारी 1963 मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि 14 कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. देश अडचणीत, परकीय चलनाचा खडखडाट, चीनचं युद्ध नुकतंच झालेलं. हेतू उत्तम होता. झालं काय, तर सोनाराच्या घरची चूल विझली, तस्करांच्या बंगल्यांचे मजले वाढले, आणि लोकांनी 22 कॅरेटचं सोनं पूर्वीसारखंच घेतलं, फक्त हळू आवाजात. 1968 मध्ये त्याचा पक्का कायदा झाला आणि 1990 मध्ये तो रद्द झाला, तेव्हा त्याच्यासाठी कुणी हळहळल्याची नोंद नाही. दिल्लीहून आलेल्या साधेपणाला गावाकडे चोरवाट फुटतेच.

पण विट्याच्याच मुलखात सुवर्ण नियंत्रणाच्या वीस वर्षं आधी एक उलटा प्रयोग झाला होता आणि त्याला कुठलाही सरकारी कायदा नव्हता, कारण करणारे सरकारविरुद्धच उठलेले होते. विटा तेव्हा सातारा जिल्ह्यात. सांगली जिल्हा व्हायचा होता. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, लोकांच्या तोंडातलं पत्री सरकार, या गावांतून कारभार करत होतं. त्यांनी न्यायनिवाडे केले, सावकारांना आणि दरोडेखोरांना वठणीवर आणलं, हे सगळ्यांना आठवतं, कारण त्यात मारामारी आहे. त्यांनी लग्नंही लावली, हे कमी आठवतं. गांधी विवाह म्हणत त्यांना. हुंडा नाही, मानपान नाही, बँड नाही, भटजीवाचून अडणं नाही. हार घालायचे, चार शब्द बोलायचे, लग्न लागलं. सत्यशोधकांनी 1873 पासून घातलेल्या पायावर हे उभं होतं, आणि ज्यांनी ते उचललं ती माणसं काही सभागृहातली नव्हती; कुणब्याचीच पोरं होती. हे चाललं कशामुळे? एकट्या वरबापानं ‘मी साधं करतो’ म्हटलं असतं तर भावकीनं ‘ऐपत नाही म्हणून तत्त्व सांगतोय’ असं म्हणून त्याला मोडीत काढला असता. पण चळवळीत असं लग्न करणं हाच मान झाला. ज्याच्या घरी बँड वाजला त्यानंच तोंड लपवावं, असा काळ थोडा का होईना येऊन गेला. मान ही वस्तू तीच राहिली, फक्त तिची घडणावळ शून्यावर आली. चळवळ ओसरली, स्वराज्य आलं आणि त्याच्या मागून बँडही परत आला.

दुसरं उदाहरण जवळचं. 1982 मध्ये मुंबईच्या गिरण्या संपानं बंद पडल्या आणि खानापूर तालुक्यातले गिरणी कामगार गावी परतले, तेव्हा गावी दुष्काळ त्यांची वाट बघत होता. त्या सुमाराला मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली आणि त्यातून बलवडी-तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी येरळा नदीवर लोकांच्या बळावर बळीराजा स्मृती धरण बांधलं; नदीतली वाळू ठेकेदाराच्या घशात जात होती, तिच्यातलीच थोडी विकून खर्चाला लावली. धरण लहानच, पण त्याचे नियम मोठे होते: पाणी सगळ्यांना समान, आणि उसाला पाणी नाही. पाणी हाती आल्यावर ऊस लावायचा नाही, हे साखरपट्ट्याच्या उशाला बसून ठरवणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडे मुलीसाठी स्थळ बघताना मुलाच्या शिक्षणाआधी उसाचं टनेज विचारतात. ज्यांनी आयुष्यभर पाणी बघितलं नव्हतं, त्या लोकांनी पाणी मिळाल्यावर स्वतःहून मर्यादा घालून घेतली. म्हणजे ‘आधी पोटभर उपभोगू द्या, मग साधेपणाचं बघू’ हा काही निसर्गनियम नव्हे. पुढे टेंभू योजनेचं पाणी आलं, रानं हिरवी झाली, ऊसही आला. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पण धरणाचा नियम आणि गांधी विवाह यांत सारखं असं एक आहे, आणि सुवर्ण नियंत्रणात ते नव्हतं: दोन्ही वेळा सगळ्यांनी मिळून एकाच वेळी ठरवलं, त्यामुळे कुणाचं नाक कापलं गेलं नाही.

शहाणे लोक इथं अर्थशास्त्र काढतात. सगळेच साधे राहिले तर विट्याच्या यंत्रमागांनी काय करायचं? माणशी दोनच सदरे घेतले तर माग थांबतील, कारागीर रस्त्यावर येतील. दागिने घडले नाहीत तर मोडणार काय आणि गलाईवाला गाळणार काय? लोकांनी हौस करावी, कंटाळावं, मोडावं आणि पुन्हा घडवावं, यावरच तर इतक्या घरांच्या चुली पेटतात. मुद्दा खोटा नाही. पण पेठेत यंत्रमागवाल्याजवळ दोन मिनिटं उभं राहिलं तर कळतं की त्याला मारणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत: वीजदर, सुताचे चढउतार, कापडाला न मिळणारा भाव. लोक कापड कमी घेतात ही त्याची तक्रार नसते. स्वस्तातलं, दोन धुण्यांत विरणारं कापड भरमसाट घेतात आणि त्यात त्याला चार पैसे सुटत नाहीत, ही असते. साधा माणूस कापड घेतोच, फक्त टिकणारं घेतो आणि त्याचा दाम देतो. गलाईचं म्हणाल तर तिची काळजी करायचं कारण नाही. या देशातल्या घराघरांत इतकं सोनं पडून आहे की आज नवा दागिना घडवणं बंद झालं तरी पुढच्या सात पिढ्यांच्या अडचणी ते गाळायला पुरतील. आणि गलाईवाल्याला विचारलं तर तो सांगेल, मोड सुकाळापेक्षा अडचणीतच जास्त येते. रोजगारासाठी लोकांनी कर्ज काढून नटावं हे अर्थशास्त्र मान्य करायचं, तर दवाखाने चालावेत म्हणून आजारी पडण्यालाही देशकार्य म्हणावं लागेल.

उलट बाजूनं एक धोका मात्र खरा आहे. साधेपणालाच घडणावळ लागू लागली आहे. मातीचं मडकं कुंभाराकडे ज्या भावानं मिळतं त्याच्या पाचपट भावानं ते ‘हँडमेड’ म्हणून ऑनलाइन येतं, आणि ते फुटू नये म्हणून आलेला थर्माकोल मडक्यापेक्षा मोठा असतो. हुरडा, जो रानात बसून फुंकर मारत खायचा, त्याचं आता माणशी पॅकेज असतं आणि त्यात बैलगाडीची चक्कर ‘कॉम्प्लिमेंटरी’ असते. वस्तू कमी कराव्यात हे सांगणारी पुस्तकं घेऊन लोक ती ठेवायला नवीन फडताळ करून घेतात. गाडगे महाराज अंगावर चिंध्या आणि हातात एक गाडगं घेऊन कर्ज काढून लग्न करू नका म्हणून गावोगाव सांगत फिरले. आज ते असते तर त्या गाडग्याची एखाद्या कंपनीनं लिमिटेड एडिशन काढली असती.

खरं तर साधेपणासाठी नवीन काही शोधून काढायची गरज नाही, आहे तेच पुरेसं आहे. दसऱ्याला विट्यात रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत होते; खांदेकरी पालखी घेऊन जीव तोडून धावतात आणि ती बघायला पंचक्रोशी लोटते. या दिवसासाठी परराज्यातली गलाईची दुकानं बंद करून माणसं गावी येतात. वर्षभर चोख सोनं हाताळणारी ही माणसं त्या संध्याकाळी एकमेकांच्या हातावर आपट्याचं पान ठेवून ‘सोनं घ्या’ म्हणतात, आणि घेणारा त्याचा टंच विचारत नाही. पानाला घडणावळ नाही, जीएसटी नाही, हॉलमार्क नाही, मोड तर अजिबात नाही. तरी देणाऱ्याघेणाऱ्याला त्यात काही कमी वाटत नाही, कारण त्या दिवशी शेठही पान देतो आणि शेठचा गडीही पानच देतो. हे ज्यांना वर्षातून एक दिवस जमतं त्यांना लग्नाच्या मांडवातही जमायला हरकत नाही.

प्रयत्न होत नाहीत असंही नाही. अलीकडे ठिकठिकाणी समाजाच्या बैठका होतात, लग्नाच्या आचारसंहिता ठरतात. अशा बैठकीत कुणीही विरोधात बोलत नाही. डीजे बंद, एकमत. प्री-वेडिंग बंद, एकमत. पाहुणे मोजके, जेवणात पदार्थ मोजके, हळद घरातल्या घरात, सत्कार-भाषणं बंद. शेवटच्या मुद्द्यावर टाळ्या जास्त पडतात, पुढाऱ्यांच्यासुद्धा. बोलणारे कळवळून बोलतात आणि ते मनापासून असतं, कारण प्रत्येकाच्या डोक्यावर मागच्या लग्नाचं देणं असतं. घोडं अडतं ते अंमल कधीपासून, यावर. चैत्रापासून म्हणावं तर अध्यक्षांच्या पुतण्याचं वैशाखात ठरलेलं असतं, दिवाळीनंतर म्हणावं तर तुळशीचं लग्न झाल्याबरोबर खजिनदारांच्या घरी मांडव असतो. मग मागच्या रांगेतून कुणीतरी उठतं आणि हात जोडून सांगतं, ‘ठराव झकास आहे, आमचा पाठिंबाच आहे. फक्त आमच्या धाकटीचं एवढं होऊन जाऊ द्या.’

त्यालाही टाळ्या पडतात.